संगीताभ्यासासाठीं लहान टॅब

घरांत एखादें वाद्य असावें, ही हौस आपल्या सुशिक्षित कुटुंबांना नवी नाहीं. पणजोबांच्या वेळीं ती बाजाच्या पेटीनें भागली. पुढें इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या लहानशा डब्यानें भागली. आणि हल्लीं मुलगी गाणें शिकूं लागली कीं घरांत पहिली गोष्ट निघते ती टॅबची. टॅब घ्यावा कीं घेऊं नये, हा वाद घालीत बसण्याचे दिवस आतां गेले. परंतु घ्यावयाचाच तर कोणता घ्यावा आणि त्याच्याकडून कोणतें काम करून घ्यावें, याचा विचार मात्र फारसा होत नाहीं. सीताबर्डीवरील दुकानांत गेलेले गृहस्थ पडद्याची झळाळी पाहतात, कॅमेऱ्याचे आंकडे विचारतात, आणि मुलांना रंग पसंत पडला कीं पैसे मोजून मोकळे होतात. ज्या कानांसाठीं ही खरेदी व्हावयाची, त्या कानांचें मत घेण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं. संगीतासाठीं टॅब निवडावयाचा असेल तर तो कानांनीं निवडावा, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

या यंत्राची गरज कां उत्पन्न झाली, हें प्रथम पाहूं. नागपूर शहराची संगीतशिक्षणाची परंपरा जुनी आहे. वसंतराव देशपांडे आणि संगीतकार सी. रामचंद्र हे दोघेही येथील शंकरराव सप्रे यांचे शिष्य. गुरूजवळ तंबोरा लागलेला आहे, वडील शिष्य मागें स्वर देत आहेत आणि धाकटा शिष्य नुसता ऐकत बसला आहे, ही जुन्या शिक्षणाची खरी पहिली इयत्ता होती. तींत स्वर कानांत आपोआप मुरत असे. आजचा विद्यार्थी आठवड्यांतून दोन वेळां तास-तासभर शिकवणीला जातो. उरलेले पांच दिवस तो फ्लॅटमधील आपल्या खोलींत एकटा असतो. आई-वडील दोघेही कामावर गेलेले असतात, आणि घरांत तंबोरा असलाच तर तो लावून देणारें कोणी नसतें.

मिरजेचा चांगला तंबोरा आजही मिळतो. शिकलगार घराण्यांनीं एकोणिसाव्या शतकापासून जतन केलेल्या या कलेला २०२४ मध्यें भौगोलिक मानांकनही मिळालें. परंतु तंबोरा विकत घेणें आणि तो जुळविणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मे महिन्यांतील नागपूरची कोरडी हवा आणि जुलैंतील दमट हवा यांच्यामध्यें लांकूड, भोपळा आणि तारा सारख्या हलत असतात. दहा वर्षांच्या मुलीला तंबोरा जुळवितां येत नाहीं, मग जवारी साधणें तर दूरच राहिलें. पांच दिवस उतरलेल्या तंबोऱ्यापुढें, किंवा तंबोऱ्यावांचूनच, गळा फिरविला म्हणजे शिकवणीच्या दोन तासांत जें मिळविलें तेंही हातचें जातें. ही उणीव भरून काढण्यासाठीं टॅब हवा, आणि ती त्यानें भरून निघते कीं नाहीं हीच त्याची पहिली कसोटी.

पेटीच्या वादाचा धडा

सोयीचें यंत्र कानाकडून काय किंमत घेतें, याचा अनुभव महाराष्ट्राला पूर्वीं एकदां आलेला आहे. हार्मोनियम हें वाद्य १८४० च्या सुमारास पॅरिसमध्यें अलेक्झांडर देबें यांनीं सिद्ध केलें. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास त्याला मांडी घालून वाजविण्याजोगें, हातभात्याचें रूप दिलें आणि तें देशभर पसरलें. मराठी रंगभूमीनें त्याला आपलेंसें केलें. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतानें त्याला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. पेटी रोज जुळवावी लागत नाहीं, हा तिचा मोठा गुण. परंतु तिचे स्वर सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडून बसविलेले असतात, आणि आपला गळा कांहीं सारखे तुकडे पाडून गात नाहीं.

हिशेब अगदीं सोपा आहे. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर तंबोऱ्याशीं एकजीव होणारा शुद्ध गांधार ३०० कंपनांचा येतो. सारख्या तुकड्यांच्या पेटीवरील गांधार मात्र सुमारें ३०२.४ कंपनांचा असतो. पंचमांत हा फरक नगण्य आहे. ३६० च्या जागीं ३५९.६ येतात. परंतु धैवत ४०० च्या जागीं ४०३.६ आणि निषाद ४५० च्या जागीं ४५३.१ असे चढेच लागतात. दोन-अडीच कंपनांनीं असें काय बिघडतें, असा प्रश्न कोणी करील. तंबोऱ्याच्या षड्जांतून त्याच्या पांचपट, म्हणजे १२०० कंपनांचा स्वयंभू गांधार उमटत असतो. पेटीच्या गांधारांतून निघणारा चौपट स्वर १२०९.५ कंपनांवर त्याच्या शेजारीं येऊन उभा राहतो, आणि दोघांच्या झटापटींतून सेकंदाला नऊ-दहा हेलकावे उत्पन्न होतात. जाणत्या कानाला जो खरखरीतपणा टोंचतो तो हाच. न जाणत्या कानाला तो टोंचत नाहीं, आणि रोज ऐकून ऐकून तोच गांधार त्याला खरा वाटूं लागतो, ही त्याहून मोठी हानि.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० मध्यें बावीस श्रुतींवर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्यानें श्रुतींची पेटीही करविली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेपुढें ती आली, पण गवयांच्या पसंतीस उतरली नाहीं. पुढें १९४० च्या मार्चपासून रेडिओनें आपल्या केंद्रांवर पेटीला बंदीच केली. १९४८ मध्यें नागपूर केंद्र सुरू झालें तेव्हां ही बंदी चालू होती. ती सैल व्हावयाला १९७१ साल उजाडलें. आपल्या काळांत डॉ. विद्याधर ओक यांनीं बावीस श्रुतींची पेटी नव्यानें सिद्ध केली, तिच्या मुळाशींही हाच प्रश्न आहे.

यावरून पेटी वाईट असें ठरत नाहीं. साथीला तिनें केलेली सेवा कोणी नाकारूं शकणार नाहीं. बोध इतकाच, कीं जें वाद्य आपल्याला जुळवावें लागत नाहीं तें दुसऱ्या कोणीतरी, आपल्याला न विचारतां, आधींच जुळवून ठेवलेलें असतें.

टॅबची गोष्ट हुबेहूब तीच आहे. त्यावर फुकट मिळणारीं पियानोचीं ॲपें बहुधा सारख्या तुकड्यांचाच गांधार देतात. परंतु पेटीला जें दुष्कर होतें तें टॅबला सुकर आहे. बंगळूरचे जी. राज नारायण यांनीं १९७९ मध्यें इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला, तेव्हांपासून यंत्राच्या तंबोऱ्यांत पुष्कळ सुधारणा झाली. ‘आयतबला प्रो’सारख्या ॲपांत तंबोरा, ठेका आणि स्वरमंडळ हीं एकत्र मिळतात. चांगल्या ॲपांत स्वर ‘सेंट’च्या मापानें चढवितां-उतरवितां येतो. सप्तकाचे बाराशें सेंट मानतात. सारख्या तुकड्यांचा गांधार ४०० सेंटांवर, तर शुद्ध गांधार सुमारें ३८६ सेंटांवर बसतो. ही सोय नसलेलें ॲप तंबोऱ्यासाठीं चालेल, पण त्याच्या पट्ट्या वाजवून मुलीनें स्वर घटवूं नयेत.

म्हणून आधीं ॲप ठरवावें आणि मग टॅब. कांहीं ॲपें एकाच जातीच्या यंत्रावर चालतात. ‘गॅरेजबँड’ हें अनेक ध्वनि एकावर एक रचण्याचें प्रसिद्ध ॲप ॲपल कंपनीच्याच यंत्रांवर चालतें. २०११ पासून तें आयपॅडवर आहे. आपल्या गुरुजींना किंवा बाईंना कोणतें ॲप पसंत आहे हें विचारून मग दुकानाची पायरी चढावी.

खर्ज कोठें गेला?

आतां प्रत्यक्ष यंत्राकडे वळूं. मुली बहुधा काळी चारच्या आसपास गातात. तेथील षड्ज सुमारें २०८ कंपनांचा आणि तंबोऱ्याच्या चौथ्या तारेचा खर्ज सुमारें १०४ कंपनांचा. काळी एकमध्यें गाणाऱ्या पुरुषांच्या तंबोऱ्याचा खर्ज तर सुमारें ६९ कंपनांपर्यंत उतरतो. आठ इंची टॅबच्या कडेला बसविलेले स्पीकर इतके लहान असतात, कीं दोनशें कंपनांच्या खालचा स्वर त्यांतून क्षीण होत जातो. वरच्या स्वरांवरून कान खर्जाचा अंदाज बांधतो, म्हणून तो असल्याचा भास होतो. पण ज्याच्यावर गळा टेंकावयाचा तें खर्जाचें अंग तेथें नसतें. मग मूल आवाज मोठा करतें, स्पीकर फाटूं लागतो, आणि त्याच्यावर ताण करण्याकरितां गळाही ओढला जातो.

याला उपाय दोन. घरांतील एखादा चांगला स्पीकर टॅबला जोडावा, किंवा तारेचे हेडफोन वापरावेत. यासाठीं टॅबला हेडफोनचें भोंक आहे कीं नाहीं हें अवश्य पाहावें. स्वस्त टॅबांपैकीं पुष्कळांना तें असतें आणि महागांना नसतें, असा उलटा न्याय या बाजारांत आढळतो. आयपॅड मिनीला २०१९ पर्यंत तें होतें. २०२१ च्या आवृत्तीपासून तें गेलें, आणि आतां सी-प्रकारच्या तोंडाला लहानसा जोड लावावा लागतो. नुसता तंबोरा ऐकावयाचा असेल तर बिनतारी ब्लूटूथ स्पीकरही चालतो, कारण तंबोऱ्याचा स्वर क्षणभर उशिरा आला तरी बिघडत नाहीं. वाजविण्याच्या कामीं मात्र हा उशीरच सर्वांत मोठा शत्रु.

बोट आणि ध्वनि यांतील अंतर

पडद्यावर बोट टेंकलें आणि स्वर उमटला, यांच्यामध्यें कांहीं काळ जातो. हवेंत ध्वनि सेकंदाला सुमारें ३४३ मीटर चालतो. तेव्हां सेकंदाच्या शंभराव्या भागाचा उशीर म्हणजे आपली पेटी साडेतीन मीटरांवर ठेवून वाजविल्यासारखें झालें. एवढें हाताला सहज सोसतें. शंभरांतील तीन भाग म्हणजे दहा मीटर. येथें लय जड होऊं लागते. ब्लूटूथमध्यें हा उशीर पुष्कळदां शंभरांतील पंधरा-वीस भागांवर जातो, म्हणजे पेटी पन्नास-साठ मीटरांवर, शेजारच्या गल्लींत ठेवल्यासारखी! मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालांत एक मात्रा पाव सेकंदाची असते. इतक्या उशिरानें वाजलेला बोल अर्ध्याहून अधिक मात्रा मागें पडतो, आणि विद्यार्थी आपलाच हात चुकतो असें समजून खट्टू होतो.

आयपॅडमध्यें हा उशीर पहिल्यापासून थोडा असतो, आणि संगीताचीं ॲपें त्यासाठीं आधीं निघालीं याचें एक कारण हेंच. अँड्रॉइडच्या टॅबांत २०१७ नंतर पुष्कळ सुधारणा झाली, तरी एका कंपनीचा टॅब जलद तर दुसऱ्या कंपनीचा मंद, असें अजूनही आढळतें. त्यामुळें जाहिरातीवर विसंबूं नये. परीक्षा दुकानांतच करावी. स्वतःचे तारेचे इयरफोन बरोबर न्यावेत, कारण सीताबर्डीच्या गलबल्यांत दुसरें कांहीं ऐकूं येणार नाहीं. पियानोचें एखादें फुकट ॲप उतरवून घ्यावें, डोळे मिटावे आणि एकाच पट्टीवर ठाय, दुगुण, चौगुण अशी ठोके देत जावें. चौगुणींत बोट आणि स्वर यांची फारकत जाणवली तर तो टॅब वाजविण्याच्या कामाचा नाहीं. तंबोऱ्यासाठीं तो खुशाल घ्यावा.

आठ इंची पडद्याची लांबी साडेसतरा सेंटिमीटरांच्या आसपास असते. पियानोच्या मापाच्या पट्ट्या काढल्या तर तेथें जेमतेम एक सप्तक मावतें. शिवाय कांचेला बोटाचा हळू-जोर दाब कळत नाहीं. ज्यांना खरोखर वाजवावयाचें आहे, चाली बांधावयाच्या आहेत, त्यांनीं लहानशी मिडी पट्टी तारेनें जोडावी. मिडी ही यंत्रांची परस्परभाषा १९८३ पासून चालत आली असल्यामुळें एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीच्या टॅबशीं सहसा जुळते.

आपलें गाणें आपण ऐकणें

तंबोऱ्याच्या खालोखाल टॅबचा उपयोग ध्वनिमुद्रणाचा, आणि आमच्या मतें तोच सर्वांत मोलाचा. गातांना आपला स्वर आपल्याला नीट ऐकूं येत नाहीं. लागला असें वाटलेला निषाद दुसऱ्या दिवशीं ऐकला म्हणजे तो कोठें होता तें कळतें. आठवड्यांतून एकदां दहा मिनिटांचें गाणें मुद्रित करावें, तारीख घालून ठेवावें आणि महिन्याअखेर गुरूंसमवेत ऐकावें. आवाज न दाबतां केलेल्या उत्तम प्रतीच्या मुद्रणाला मिनिटाला सुमारें दहा मेगाबाइट, म्हणजे तासाला सहाशें मेगाबाइट जागा लागते. त्यामुळें चौसष्ट गिगाबाइटांचा टॅब पुरतो आणि एकशें अठ्ठावीसचा ऐसपैस होतो. त्याहून अधिक जागेसाठीं पैसे मोजण्याचें कारण नाहीं.

मुद्रणाच्या वेळीं तंबोरा हेडफोनमधून ऐकावा, म्हणजे टॅबमध्यें गळा निर्भेळ उतरतो. नागपूरकरांनीं आणखी एक पथ्य पाळावें, तें कूलरचें. उन्हाळ्यांत कूलरची घरघर आपल्या कानाला संवयीची झालेली असते. मायक्रोफोनला ती नसते, आणि मुद्रणांत गाण्यापेक्षां पाण्याचा व पंख्याचाच आवाज मोठा येतो. दहा मिनिटें कूलर बंद ठेवणें हाच त्यावरील उपाय. उन्हाळ्याची दुसरी बाबही महत्त्वाची आहे. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेंत वापरावा असें त्याचे कर्तेच सांगतात, आणि आपल्याकडे मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. गच्चीवर, खिडकींतल्या उन्हांत किंवा बंद मोटारींत टॅब ठेवूं नये. तो तापला कीं पडदा मंद होतो, चार्जिंग थांबतें, आणि बॅटरीचें आयुष्य घटतें तें वेगळेंच.

२०२० च्या टाळेबंदीपासून दूरच्या गुरूंकडे पडद्यावरून शिकण्याची चाल पडली आहे. नागपूरची मुलगी पुण्याच्या बाईंजवळ शिकते, तर अमेरिकेंतील मराठी मुलें इकडील गुरूंजवळ शिकतात. यांत एक अडचण पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. बोलण्यासाठीं केलेलीं हीं ॲपें एकसारखा चालणारा ध्वनि म्हणजे गोंगाट समजून तो पुसून टाकतात, आणि त्यांत तंबोराच पुसला जातो! झूममध्यें ‘ओरिजिनल साउंड’ ही सोय चालू केली म्हणजे हा अन्याय टळतो. मात्र दोघांनीं एकाच वेळीं गाणें अशा शिकवणींत साधत नाहीं. गुरूंनीं म्हणावें, शिष्यानें ऐकून मागून म्हणावें, हाच क्रम ठेवावा.

पैशाचा क्रम

आयपॅड मिनीची नवी आवृत्ति २०२४ मध्यें आपल्याकडे आली ती ४९,९०० रुपयांना. इतकी रक्कम प्रत्येक घरानें खर्चावी असें मुळींच नाहीं. नुसता तंबोरा, ठेका आणि मुद्रण हवें असेल तर हेडफोनचें भोंक असलेला साधा टॅब पुरे, आणि वांचलेल्या पैशांतून चांगला स्पीकर व तारेचे हेडफोन घ्यावेत. त्यावर वाजवावयाचें व अनेक ध्वनि रचावयाचे असतील तरच महाग टॅबाचा विचार करावा. तोही नवाच हवा असें नाहीं, दोन-तीन वर्षें वापरलेला पण नव्या ॲपांना चालणारा टॅब पुष्कळ स्वस्तांत मिळतो. गुरुदक्षिणेचे पैसे काढून टॅब घेणें म्हणजे मात्र नाकापेक्षां मोतीं जड. खर्चाचा क्रम गुरु, मग स्पीकर, मग टॅब, असाच असावा.

टॅब घरांत आल्यावर कांहीं नियम पहिल्या दिवसापासून घालून द्यावेत. मेहनतीच्या वेळीं फ्लाइट मोड चालू ठेवावा, नाहींतर यमनाच्या आलापींत मैत्रिणीचा निरोप खणखणतो. तंबोरा सुरू झाला कीं पडदा पालथा घालावा. स्वर दाखविणारी सुई हलते ती पाहून गाणारें मूल डोळ्यानें गाऊं लागतें, आणि त्याचा कान आळशी होतो. पहिलीं पंधरा मिनिटें केवळ षड्ज लावावा. यंत्राचा ठेका एका लयींत अखंड चालतो, तो गायकासाठीं थांबत नाहीं कीं त्याला सांभाळूनही घेत नाहीं. म्हणून आठवड्यांतून एकदां तरी जित्या तबलजीबरोबर गाण्याची संधि मुलांना द्यावी. घरांत जुना तंबोरा असेल तर तो माळ्यावर टाकूं नये. टॅबचा षड्ज ऐकवून त्याची एक-एक तार मिळविण्यास मुलीला शिकवावें. जोडाच्या दोन तारा एकमेकींत विरघळल्या तो क्षण जिला कळला, तिला स्वर म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं.

टॅबचें आयुष्य फार तर पांच-सात वर्षांचें. त्यानंतर त्याची बॅटरी उतरते, नवीं ॲपें त्याच्यावर चालेनाशीं होतात, आणि तो कपाटांत जाऊन पडतो. त्या पांच-सात वर्षांत मुलीच्या कानांत बसलेला गांधार मात्र तिच्या जन्माची सोबत करणार आहे. तेव्हां खरेदीला जातांना मुलीला बरोबर न्यावें, इयरफोन तिच्या कानांना लावावे, तिच्या पट्टींत तंबोरा सुरू करावा, आणि तिला खर्ज ऐकूं येतो कीं नाहीं हें विचारावें. किंमत, रंग आणि कॅमेरा यांची चौकशी त्यानंतर करावी.